फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा: जुनं विंडोज, नवीन वायफाय

मामांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक ड्रिल आणि कोपऱ्यात पत्र्याच्या पार्टिशनमागं ऑफिस म्हणून एक टेबल. टेबलाखाली विंडोज सेव्हनचा डेस्कटॉप, त्याच्यात जॉबवर्कची सगळी बिलं, एका पोरानं करून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये, आणि तो पोरगा आता पुण्याला गेलाय, फोन उचलत नाही. मागच्या महिन्यात नवीन नेट घेतलं, राउटर बसला, सगळ्यांचे मोबाईल झटक्यात चालू, कॉम्प्युटर मात्र ढिम्म. डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं छोटं वायफाय कार्ड, पण आणून लावला तरी नाही. एकाला बोलावलं, त्यानं दोन मिनिटं माऊस फिरवला आणि म्हणाला फॉरमॅट मारायला लागंल, नायतर नवीनच घ्या. मग मामांचा मला फोन, "लेका, हा सगळं पुसतो म्हणतोय, तू येऊन बघ की जरा."

गेलो, बसलो, दीड तासात चालू झालं, काही पुसलं नाही. म्हणून हे लिहितोय, कारण घराघरात हीच कथा आहे. बहुतेक वेळा कॉम्प्युटर बिघडलेला नसतोच, राउटर नवीन भाषा बोलत असतो आणि वायफाय कार्डाला जुनीच येत असते, एवढंच. कॉम्प्युटर पुसून त्याला नवीन भाषा येत नाही, उलट होता तो ड्रायव्हर, म्हणजे कार्ड कसं चालवायचं ते विंडोजला सांगणारा प्रोग्रॅम, पण जातो आणि आपण आणखी मागं जातो.

सुरुवात साध्या गोष्टीपासून करा, लाजू नका. जुन्या लॅपटॉपला पुढच्या कडेला किंवा बाजूला वायफायचं छोटं सरकतं बटण असतं, पिशवीतून काढता घालता ते बंद होतं आणि माणूस दोन दिवस सेटिंगात डोकं घालून बसतो. बटण नसेल तर फंक्शनच्या किल्ल्यांपैकी एकीवर अँटेनाचं चित्र असतं, खालची एफएन दाबून ती दाबायची. दिवा केशरीचा निळा झाला किंवा नव्यानं लागला म्हणजे चालू. डेस्कटॉपला बहुतेक कार्डच नसतं, त्याला यूएसबी डोंगल लागतो.

मग माय कॉम्प्युटरवर राईट क्लिक, मॅनेज, डिव्हाइस मॅनेजर. इथं नेटवर्क अडॅप्टर्स उघडून बघा. वायरलेस किंवा ८०२.११ असं काहीतरी नाव नीट दिसत असेल तर ड्रायव्हर आहे, थेट खाली राउटरच्या भानगडीकडं चला. नावाऐवजी पिवळं चिन्ह आणि अननोन डिव्हाइस किंवा नेटवर्क कंट्रोलर असं असेल तर कार्ड आहे पण ड्रायव्हर नाही. आणि काहीच नसेल तर एकतर कार्ड नाही, नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगात, कुणीतरी बंद केलंय, नाहीतर डोंगल पोर्टात नीट बसलेलाच नाही. मामांच्याकडं हेच होतं बरं का. पुढचे दोन्ही यूएसबी पोर्ट लेथच्या बारीक लोखंडी किसानं आणि तेलकट धुळीनं भरलेले, डोंगल आत जायचा पण क्वचितच टेकायचा. कॉम्प्युटर बंद करून, मेन स्विचसुद्धा काढून, कोरड्या ब्रशनं साफ केलं. लोखंडाचा कीस आहे, चालू मशीनवर असलं करू नका, शॉर्ट झालं तर मग खरंच नवीन घ्यावं लागंल. तरी मी शेवटी डोंगल मागच्या पोर्टालाच लावला, मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, पुढच्यांची आतली वायर बऱ्याचदा ढिली असते.

आता ड्रायव्हर. इथं लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात कारण डब्यावरच्या कंपनीचं नाव शोधत बसतात. डब्यावर कुणाचंही नाव असूदे, आतली चिप चार-पाच जणांपैकीच कुणाची तरी असते आणि ड्रायव्हर चिपचा लागतो. पिवळ्या चिन्हावर डबल क्लिक, डिटेल्सचा टॅब, तिथल्या यादीत हार्डवेअर आयडीज निवडा. एक लांबलचक ओळ येते. आतल्या कार्डाला व्हेन आणि डेव्ह असे दोन आकडे असतात, डोंगलला व्हीआयडी आणि पीआयडी. पहिला आकडा बहुतेक वेळा चिप कुणाची ते सांगतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १०ईसी रिअलटेक, आणि डोंगलमध्ये ०बीडीए रिअलटेक, १४८एफ रालिंक. ती अख्खी ओळ मोबाईलवर फोटो काढून घ्या आणि तीच सर्च करा, पहिल्या पानावरच चिपचं मॉडेल कळतं. डाऊनलोड मात्र चिपच्या नाहीतर लॅपटॉपच्या कंपनीच्याच साईटवरून. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून ज्या हिरव्या हिरव्या बटणांच्या साईटी येतात त्यांच्या नादाला लागू नका, एक ड्रायव्हर देतात आणि चार पाहुणे सोडून जातात.

डाऊनलोड करताना बत्तीस बिट का चौसष्ट बिट ते बघा, माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिस्टिम टाईप म्हणून लिहिलेलं असतं. चुकीचा घेतला तर बसतच नाही.

नेट नाही तर ड्रायव्हर आणायचा कसा, ही कोंबडी आधी का अंडं आधी अशी गोष्ट. दुसऱ्या मशीनवरून पेनड्राईव्हवर आणा हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे अँड्रॉइड मोबाईल डेटा केबलनं लावायचा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉट सेटिंगमधलं यूएसबी टिथरिंग चालू करायचं, विंडोज सेव्हन त्याला लॅन कार्ड समजतं आणि बहुतेक वेळा एका मिनिटात नेट येतं. केबल चार्जिंगपुरती नको, डेटावाली पाहिजे. खरं सांगायचं तर महिन्यातून एकदाच नेट लागत असेल तर इथंच थांबा, विषय संपला. आणि काही स्वस्त डोंगल लावल्यावर सीडी ड्राईव्हसारखे दिसतात, ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो, माय कॉम्प्युटर उघडून आतला सेटअप चालवायचा. मामांनी ती सीडी "कायतरी व्हायरस आलाय" म्हणून चार वेळा बंद केली होती.

विंडोज सेव्हनवर एक वेगळीच खोच आहे. ड्रायव्हर अगदी बरोबर असतो, बसतो पण, पण डिजिटल सिग्नेचर व्हेरिफाय होत नाही म्हणून पिवळं चिन्ह तसंच. नवे ड्रायव्हर शा-टू नावाच्या पद्धतीनं सही केलेले असतात आणि अपडेट न केलेल्या सेव्हनला ती सही वाचता येत नाही. त्याला मायक्रोसॉफ्टचे केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ हे दोन अपडेट लागतात, सर्व्हिस पॅक १ (विंडोजच्या अपडेटांचा मोठा गठ्ठा) असलेल्या मशीनवर याच क्रमानं टाकायचे आणि रिस्टार्ट करायचं. ते झाल्यावर डोंगल काढून परत लावला की दिवा लुकलुकायला लागतो. हे ज्यानं कधी भोगलंय त्यालाच माहीत.

नवीन डोंगल घ्यायचा असेल तर डब्याच्या मागं सपोर्टेड ओएस मध्ये तुमच्या विंडोजचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. वायफाय सिक्सवाले बहुतेक डोंगल फक्त विंडोज टेन आणि इलेव्हनसाठी असतात. जुन्या मशीनला साधा २.४ गिगाहर्ट्झचा एन१५० किंवा एन३०० पुरतो, आणि तो स्वस्त पण मिळतो.

आता राउटर. खरं दुखणं निम्म्या वेळा इथं असतं, आणि कुणी बघत नाही, कारण मोबाईल चालू असतो ना. लक्षात घ्या, मोबाईल दोन वर्षांपूर्वीचा आहे, कार्ड पंधरा वर्षांपूर्वीचं आहे.

राउटर आता दोन पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बी, जी, एन या वायफायच्या जुन्या पिढ्या, त्यातली बी, जी आणि बरीचशी एन कार्डं फक्त २.४ ची असतात, त्यांना ५ चं नेटवर्क यादीत दिसतच नाही. म्हणजे "सगळ्यांच्या मोबाईलवर नाव येतंय, ह्याच्यावर का येत नाही" याचं पहिलं उत्तर हे. राउटरच्या खाली स्टिकर असतो, त्यावर १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता आणि पासवर्ड असतो, तो मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाकून आत जा आणि वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन उघडा. २.४ चालू आहे का बघा. स्मार्ट कनेक्ट किंवा बँड स्टिअरिंग असेल तर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असतं, जुन्या कार्डाला त्यात बावचळल्यासारखं होतं, ते बंद करून २.४ ला वेगळं नाव द्या.

मग चॅनेल, म्हणजे पट्टीतल्या छोट्या छोट्या वाटा. हे मला स्वतःला कळायला लई वर्षं लागली. आपल्याकडं २.४ मध्ये १ ते १३ चॅनेल चालतात, पण बरीच जुनी लॅपटॉप कार्डं अमेरिकेच्या हिशोबानं बनलेली, ती ११ पर्यंतच ऐकतात. राउटर ऑटोवर असला आणि एके दिवशी १२ किंवा १३ वर गेला की तुमचं नेटवर्क त्या लॅपटॉपपुरतं गायब, आणि शेजाऱ्यांची सगळी नावं मात्र दिसतायत. काल चालत होतं, आज नाही, परवा परत चालू, असलं भुताटकीसारखं होत असेल तर हेच बघा. ऑटो काढून १, ६ किंवा ११ ठेवा, आणि रुंदी म्हणजे चॅनेल विड्थ २० मेगाहर्ट्झवर ठेवा.

तिसरी गोष्ट सिक्युरिटी. डब्ल्यूपीए३ हे वायफायचं नवं कुलूप २०१८ मध्ये आलं, विंडोज टेनला ते २०१९ च्या १९०३ व्हर्जनपासून कळतं, सेव्हनला आणि एक्सपीला कळतच नाही. राउटरवर नुसतं डब्ल्यूपीए३ असेल तर पासवर्ड कितीही बरोबर टाका, लागणार नाही. डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिक्स ठेवलं तरी काही जुने ड्रायव्हर गडबडतात. म्हणून डब्ल्यूपीए२-पीएसके आणि एईएस, बस. एईएसच्या जागी जुनं टीकेआयपी निवडू नका, ते कमकुवत तर आहेच वर त्यानं एन कार्डाचा स्पीड ५४ एमबीपीएसवर अडकतो. त्याहून जुनं डब्ल्यूईपी तर अजिबातच नको, ते मिनिटांत फुटतं. पीएमएफ नावाचं (वायफायचे आतले निरोप सुरक्षित ठेवणारं) काही रिक्वायर्डवर असेल तर ऑप्शनल करा. आणि मोड मध्ये एएक्स, म्हणजे वायफाय सिक्स, असेल तर २.४ पुरता बीजीएन करून बघा, काही जुन्या इंटेल कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर एएक्सवालं नेटवर्कच दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल एका जुन्या डब्यासाठी अख्ख्या घराचं वायफाय का मागं न्यायचं. बरोबर आहे. बऱ्याच राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क वेगळं चालू करता येतं, ते फक्त २.४ वर, डब्ल्यूपीए२ वर ठेवा, नाव काहीही द्या, आणि जुनं मशीन तिथं जोडा. मोबाईलवाल्यांना कुणाला हात लावायला लागत नाही. मामांच्या राउटरवर मी हेच केलं, नाव ठेवलं ‘लेथ’. शिवाय गेस्टवरचं मशीन घरातल्या बाकीच्या मशीनपासून सहसा वेगळं राहतं, त्याचा फायदा पुढं सांगतो.

एवढं झाल्यावर सेव्हनमध्ये जोडणं म्हणजे काहीच नाही. घड्याळाजवळच्या पट्ट्यांच्या चित्रावर क्लिक, नाव, कनेक्ट, पासवर्ड. कधी कधी ते राउटरचा पिन मागतं, तिथं सिक्युरिटी की वापरून जोडा असा पर्याय खाली बारीक अक्षरात असतो, तो घ्या. होम, वर्क का पब्लिक विचारलं तर पब्लिक. राउटर बदललाय पण नाव तेच ठेवलंय असं असेल तर विंडोज जुनाच पासवर्ड आणि जुनीच सिक्युरिटी धरून बसतं, तेव्हा नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये मॅनेज वायरलेस नेटवर्क्समध्ये जाऊन जुनं नाव काढून टाका आणि नव्यानं जोडा. यादीच येत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग चालू आहे का बघा.

जोडलं, पण पट्ट्यांवर पिवळं चिन्ह आणि नेट नाही? कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाईप करा. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, विंडोजनं मनानं घेतलाय. पत्ता भलताच काहीतरी असेल तर अडॅप्टरच्या टीसीपी आयपी व्हर्जन ४ च्या प्रॉपर्टीजमध्ये कुणीतरी जुन्या नेटचा पत्ता हातानं भरून ठेवलेला नसतो ना ते बघा, दोन्हीकडं ऑटोमॅटिकली ठेवा. पत्ता बरोबर आहे, सगळं आहे, पण एकही साईट उघडत नाही, सर्टिफिकेट चुकीचं म्हणतंय, असं असेल तर कृपा करून आधी तारीख बघा. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची रुपयाएवढी बॅटरी असते, ती संपली की लाईट गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं, आणि त्या तारखेला साईटचं सर्टिफिकेट जन्मलेलंच नसतं. मामांचा कॉम्प्युटर १ जानेवारी २००९ ला बसून होता. बॅटरी बदलली, तारीख घातली, साईटी उघडल्या. फॉरमॅटवाल्यानं घड्याळाकडं बघितलं सुद्धा नव्हतं.

सिग्नलचं म्हणाल तर बोटाच्या पेराएवढा डोंगल लोखंडी कॅबिनेटच्या मागं, भिंतीकडं तोंड करून, टेबलाखाली, वर पत्र्याचं पार्टिशन, त्याला बिचाऱ्याला ऐकू काय येणार. एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर आणा. मामांच्याकडं एका काडीवरून चार काड्या झाल्या, नुसत्या वायरनं. पेठेतल्या जुन्या घरात दीड दीड फुटाच्या दगडमातीच्या भिंती आहेत, तिथं पण २.४ च बरं, ५ वालं भिंतीत लवकर मरतं. आणि चालता चालता दहा मिनिटांनी आपोआप तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, पॉवर वाचवण्यासाठी बंद करू दे, ही खूण काढा.

एक्सपीवाल्यांसाठी वेगळं. माझ्याकडं घरी मंगळवार पेठेत वडिलांचा एक लॅपटॉप आहे, जुन्या फॉन्टात टाईप केलेली भजनं त्यात आहेत. त्यांना नेट पाहिजे होतं ते भजनं स्वतःलाच मेल करायला. मी म्हटलं आण्णा, पेनड्राईव्हनं होतंय की. त्यांना पटलं नाही. तुम्हाला पटत असेल तर तेवढंच करा.

नसेल तर माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये सर्व्हिस पॅक बघा. २००८ चा सर्व्हिस पॅक ३ असेल तर डब्ल्यूपीए२ त्यात आहे. सर्व्हिस पॅक २ ला केबी ८९३३५७ हा वेगळा अपडेट टाकावा लागायचा, त्यापेक्षा ३ च टाका. कार्डाचा ड्रायव्हर पण डब्ल्यूपीए२ चा पाहिजे, सगळ्यात जुन्या कार्डांना डब्ल्यूईपीच येतं, ती कार्डं सोडून द्या. व्ह्यू अव्हेलेबल वायरलेस नेटवर्क्स उघडल्यावर विंडोज हे कनेक्शन कॉन्फिगर करू शकत नाही असं म्हणालं तर लॅपटॉप कंपनीचा स्वतःचा वायफाय प्रोग्रॅम मध्ये बसलेला असतो. वायरलेस कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये वायरलेस नेटवर्क्सचा टॅब, तिथं युज विंडोज टू कॉन्फिगर वर खूण करा, आणि सर्व्हिसेसमध्ये वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन चालू करा. पासवर्ड दोनदा विचारतं, दोन्हीकडं नुसते ठिपके दिसतात, म्हणून आधी नोटपॅडमध्ये टाईप करून तिथून कॉपी-पेस्ट करा.

पण माझं मत विचाराल तर एक्सपीला ड्रायव्हर शोधत बसूच नका. घरात जुना राउटर पडलेला असेल आणि त्यात क्लायंट, ब्रिज किंवा रिपीटर मोड असेल तर त्याला घरच्या वायफायला जोडा आणि त्यातून लॅनची वायर लॅपटॉपला लावा. डब्ल्यूपीए२ वगैरे सगळं तो राउटर सांभाळतो, एक्सपीला फक्त वायर दिसते, आणि वायर त्याला पहिल्यापासून येते. वडिलांच्या लॅपटॉपवर तीन संध्याकाळी ड्रायव्हरवर घालवल्यावर मी हे केलं, वीस मिनिटं लागली.

नेट आलं तरी एक्सपीवर फार काही उघडणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला आजच्या साईटींशी सुरक्षित बोलायला लागणारं टीएलएस १.२ येत नाही. एक्सपीवर चालणारा शेवटचा फायरफॉक्स ५२ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती), शेवटचा क्रोम ४९. सेव्हनवर क्रोम १०९ पर्यंत आणि फायरफॉक्स ११५ ईएसआर, तो टाका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, सेव्हनचा १४ जानेवारी २०२० ला, त्यामुळं यातल्या कशावरही बँक उघडायची नाही, ओटीपी टाकायचा नाही, ते मोबाईलवर करा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारं व्हायरससारखं प्रकरण आलं तेव्हा ते कुणी काही क्लिक न करता नेटवर्कमधून एका विंडोजवरून दुसऱ्यावर जात होतं, मायक्रोसॉफ्टला सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठी सुद्धा पॅच काढावा लागला. गेस्ट नेटवर्क म्हणालो ते यासाठी, जुनं मशीन वेगळ्या खोलीत झोपवायचं. आणि मशीन नेटवर न्यायच्या आधी त्यातली कामाची फोल्डर पेनड्राईव्हवर काढून ठेवायची, मामांची २०११ पासूनची सगळी बिलं मिळून चार जीबी पण भरली नाहीत.

जाता जाता एक काम करा. चॅनेल ६, रुंदी २०, डब्ल्यूपीए२ एईएस, गेस्टचं नाव आणि पासवर्ड, ड्रायव्हरची फाईल कुठं ठेवलीय, एवढं कागदावर लिहून कॅबिनेटच्या बाजूला सेलोटेपनं चिकटवा. नेटवाला कधीतरी येऊन राउटर रिसेट करणारच आहे. मामांच्याकडं तो आठव्या दिवशीच आला, आणि त्या कागदावरून मामांनी फोनवर मला एकही प्रश्न न विचारता परत सगळं लावलं, फक्त नाव ‘लेथ’ चं ‘लेथ नंबर दोन’ केलं.